कीनोच्या पाठीमागचे आठशे मीटर

मी मध्यम पल्ल्याच्या धावपटूंना शिकवतो. परवा शिबिरात १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधली १५०० मीटरची फायनल दाखवली आणि मुलांना एकच प्रश्न विचारला: फिनलंडच्या पेक्का वासालानं ही शर्यत नेमकी कुठे जिंकली? झाडून सगळ्यांनी शेवटचे शंभर मीटर सांगितले. बरोबरच्या दोन प्रशिक्षकांचंही उत्तर तेच. ते उत्तर अजून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण आमच्याकडचं निम्मं ट्रेनिंग याच समजुतीवर चालतं.

तपासायचं कसं, ते आधी सांगतो. १५०० ची सुरुवात पहिलं वळण संपून पलीकडची सरळ पट्टी लागते तिथून होते. त्यामुळे फिनिश लाइन ३००, ७००, ११०० आणि १५०० मीटरला ओलांडली जाते. बाहेर उभे असलेले पालक आणि कितीतरी प्रशिक्षकही लाइनवरच्या पहिल्या वेळेला ‘पहिली लॅप’ (४०० मीटरची पूर्ण फेरी) म्हणतात. ते फक्त ३०० मीटर असतात, आणि मग पुढचा सगळा हिशेब चुकतो. ७०० ला लाइनवर घड्याळ दाबलं की उरलेले ८०० आयते हाती येतात. १५०० समजून घ्यायची तर माझ्या मते यापेक्षा उपयोगी स्प्लिट (मधल्या टप्प्याची वेळ) नाही.

म्युनिकमध्ये पहिले ७०० मीटर संथ गेले, लॅपला साधारण ६१ सेकंदांच्या चालीनं. मग केनियाच्या किप कीनोनं पुढे होऊन वेग वाढवला. वासाला लगेच त्याच्या मागे लागला आणि शेवटच्या सरळ पट्टीत त्याला ओलांडून गेला. वासाला ३:३६.३३, कीनो ३:३६.८१, न्यूझीलंडचा रॉड डिक्सन ३:३७.४६. वासालाचे शेवटचे ८०० मीटर सुमारे १:४९ मध्ये झाले, म्हणजे लॅपला साडेचोपन्न. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. तीनच आठवड्यांपूर्वी हेलसिंकीत त्यानं नुसती ८०० मीटर १:४४.५ मध्ये मारली होती. त्या वेळचा विश्वविक्रम १:४४.३ होता. याचा अर्थ, ७०० मीटर पळून झाल्यावरही तो आपल्या ताज्या ८०० पेक्षा फक्त साडेचार सेकंद मागे होता. कीनोनं लावलेली चाल त्याला झेपणारी होती, म्हणूनच शेवटच्या शंभरात पायात काही उरलं. तो ‘किक’, म्हणजे शेवटचा जोर, आठशे मीटर आधीपासून जपून ठेवलेला होता.

वळणांचा हिशेब तर कुणी करतच नाही. पुढच्याच्या बाहेरून एक मीटर अंतर ठेवून अख्खं वळण धावलं तर सुमारे ३.१ मीटर जास्त पडतात. म्युनिकच्या त्या शेवटच्या वेगाला ते अंतर कापायला ०.४ सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. आणि सुवर्ण-रौप्यातला फरक होता ०.४८ सेकंद! एक वळण उगाच बाहेरून घेतलं असतं तर जवळपास सगळी आघाडी तिथेच गेली असती. म्हणून पोरांना माझं सांगणं असतं: वळणात आतली कड सोडायची नाही, ओलांडायचं ते सरळ पट्टीवर.

हे पाय एका हंगामात तयार झालेले नाहीत. १९६८ ला मेक्सिकोत पोट बिघडलेला वीस वर्षांचा वासाला आपल्या हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) शेवटचा आला होता. १९७१ मध्ये घरच्या मैदानावर, हेलसिंकीच्या युरोपियन स्पर्धेत, नववा. आमच्याकडे असा निकाल लागला की प्रशिक्षक बदलतात, नाहीतर मुलाला ‘तू चारशेचाच’ म्हणून खाली ढकलतात. फिनलंडमध्ये साठच्या दशकाच्या शेवटी न्यूझीलंडचा प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड येऊन गेला होता. आधी महिनोन्महिने आठवड्याला १६० किलोमीटरच्या आसपास सलग धावणं, मग चढ, मग ट्रॅकवरचं जोरकस काम आणि स्पर्धा जवळ आली की धार लावणं, हा त्याचा क्रम. लिडियार्डचा शिष्य पीटर स्नेल ८०० चा राजा होता, तरी बेस, म्हणजे लांब धावण्याचा पाया, त्याचाही हाच. आमच्याकडे मात्र सोळा वर्षांच्या पोरांना ऐन डिसेंबरात चारशेच्या रिपीटिशन (वेगात पुन्हा पुन्हा मारायच्या फेऱ्या) मारायला लावतात, कारण जानेवारीत मेडल दाखवायचं असतं. हे मला सहन होत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी हे ट्रॅकवर करून बघितलं. वासालाचं प्रमाण काढलं: ताज्या ८०० च्या वेळेत साधारण चार टक्के वाढवायचे. ज्याची ८०० ची वेळ १:५६ आहे, त्या १:५६ वाल्यासाठी शेवटचे ८०० होतात २:०१. त्याआधीचे ७०० लॅपला ६८ च्या चालीनं १:५९ मध्ये. एकूण ४:००. एकाला कीनो केलं, त्यानं ७०० ला जोर लावायचा. मागे दोघे, एक १:५६ वाला, दुसरा १:५८ वाला.

जोर लागताच चार मीटरची फट पडली. १:५६ वाल्यानं ती वीस-तीस मीटरमध्ये भरून काढली आणि मग वळणात पुढच्याच्या खांद्याला लागून बाहेरून धावत राहिला. १३०० ला त्याचे खांदे वर आले, हात आखडले, पाऊल तोकडं पडलं. ४:०५. दुसऱ्यानं फट तशीच राहू दिली, पूर्ण सरळ पट्टीभर थोडी थोडी मिटवली, वळणात आत राहिला आणि ४:०२ मध्ये पहिल्याच्या पुढे आला. वेग पहिल्याकडे जास्त, पण त्यानं तो भलत्या जागी खर्च केला. झटक्यात फट भरायची म्हणजे त्या तीस मीटरांपुरतं ४०० च्या वेगानं पळायचं, आणि त्याची वसुली शेवटच्या दोनशेत होते.

माझं अडलंय ते कीनोपाशी. १९६८ च्या मेक्सिकोतल्या फायनलमध्ये २,२०० मीटरहून जास्त उंचीवर त्याचाच केनियन साथीदार बेन जिपचोनं सुरुवातीची चाल जबर ठेवली, कीनोनं पुढे ती तोडली नाही, ३:३४.९१ मध्ये शर्यत मारली आणि अमेरिकेच्या जिम रायनला जवळ येऊ दिलं नाही. म्युनिकमध्ये मात्र वासालाचे १:४४.५ ताजे असताना त्यानं ७०० मीटर संथ जाऊ दिले. तो ३२ वर्षांचा होता, त्याच आठवड्यात स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) सुवर्ण जिंकून आला होता, आणि या वेळी चाल लावून देणारं कुणी नव्हतं. एकट्यानं ३०० पासून ५८ ची लॅप धरली असती, तर मागचा ८०० वाला गळाला असता, की त्याला फुकटचा वाऱ्याचा आडोसा मिळाला असता? दोन्ही बाजूंनी आकडे मांडून बघतो, उत्तर दर वेळी वेगळं येतं. पुढच्या टेस्टला ‘कीनो’ला ७०० ऐवजी ३०० लाच सोडणार आहे, आणि मागे तेच दोघे ठेवणार आहे.