पणजोबांची भातगिरणी आणि कलम 43

आमच्या घरात पणजोबांबद्दल एकच वाक्य चालत आलेलं : कर्जतकडे त्यांची भातगिरणी होती, ती सावकारानं खाल्ली. शेत मात्र वडिलोपार्जित, त्याला कुणी हात लावला नाही म्हणे. मग त्याच शेताच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत 'कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र' हा शेरा कसा? तो तर कुळानं कुळकायद्याखाली विकत घेतलेल्या जमिनीवर येतो, आणि मग ती परवानगीशिवाय विकता येत नाही.

सातबाऱ्यावर फेरफारांचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे, क्रमांक असतात. एकेक धरून मागं जायचं. तलाठ्याकडे जुनं काही नव्हतं, ते तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात. नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, मग वाट बघणं. तिथल्या शिपाईमामांना गाव नमुना 6 च्या, म्हणजे फेरफारांच्या, जुन्या वह्या कुठल्या कपाटात आहेत ते पाठ होतं. साहेबांच्या आधी त्यांना भेटावं.

चाळिशीच्या दशकातल्या एका नोंदीत शब्द सापडले : मुदत खरेदी. सोबत दस्ताचा नंबर होता, म्हणून दुय्यम निबंधकाकडून नक्कल मिळाली. सगळी मोडी! जाणकाराकडून वाचून घेतली. मुदत खरेदी ही नावाला विक्री. मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत. त्याच दिवशीची भाडेचिठ्ठीही होती : शेत पणजोबांनीच कसायचं आणि सावकाराला खंड द्यायचा. खंड कसला, व्याजच ते. कर्जाचं कारण लिहिलेलं, 'गिरणीच्या इंजिनाकरिता'. आमच्या आत्या मात्र जन्मभर पणजोबांच्या पत्ते खेळण्याला दोष देत आल्या.

पुढचा कागद माझ्या मनाला सर्वांत जास्त लागला. 1947 मध्ये शेतकरी कर्जदारांना कर्जात सवलत देणारा कायदा मुंबई सरकारनं केला. सवलतीचा अर्ज आला की कोर्ट आधी बघायचं, हा माणूस कायद्यातला 'कर्जदार' आहे का? शेती आणि अंगमेहनत सोडून इतर उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं, तर नाही. पणजोबांची गिरणी चालू होती. अर्ज फेटाळला. मुदत खरेदी गहाण न ठरता विक्रीच राहिली, आणि गिरणी पुढं लिलावात गेली.

पण विक्री ती विक्रीच ठरल्यामुळे पणजोबा कागदोपत्री कूळ झाले होते. 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनी, कुळकायद्यानं कसणारं कूळ मालक मानलं गेलं. त्याच कायद्याच्या कलम 32-ग खाली किंमत ठरली, हप्ते फिटले, कलम 32-म चं खरेदीचं प्रमाणपत्र मिळालं. स्वतःचंच शेत त्यांनी असं विकत घेतलं. सावकाराला भाडेचिठ्ठी भोवली, याचा मला अजून थोडा आनंद होतो.

चुलतभावाला या सगळ्यात एकच रस : शेरा निघतो का? निघतो. खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 40 पट नजराणा सरकारला भरायचा. आमच्या तुकड्याचा आकार इतका कमी आहे, की नजराण्यापेक्षा मोडी वाचून घ्यायलाच जास्त पैसे गेले.