चुंबळ क्र. ३: गालावरचे फोड कुठून आले ते सापडलं

रविवारी सकाळी भट्टी ७० अंशांवर उघडली तेव्हा ‘चुंबळ’ मालिकेतलं हे तिसरं, डोईवर चुंबळ घेतलेलं मातीचं डोकं अखंड होतं. तडा कुठेच नाही, रंग सगळीकडे सारखा विटकरी. बुधवारी डाव्या गालावरून मसुरीच्या डाळीएवढी कपची उडाली. शुक्रवारपर्यंत अकरा खड्डे. प्रत्येकाच्या तळाशी पांढरा ठिपका, सुईने टोकरला की पिठासारखा निघतो. म्हणजे पुन्हा चुनखडी. क्र. १ आणि २ च्या वेळी माती नीट चाळलेली नव्हती, त्यामुळे ते समजण्यासारखं होतं. या वेळी मात्र सगळी माती पातळ करून ८० मेशच्या चाळणीतून (इंचात ८० भोकं) गाळली होती, आणि तरीही हे झालं.

कारण एकदा मांडून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दख्खनच्या पठारावरच्या गाळाच्या मातीत चुनखडीचे खडे हमखास असतात. ८००-८५० अंशांच्या पुढे त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. भट्टीतून बाहेर आल्यावर तो हवेतली ओल ओढतो, फुगतो आणि वरची माती उचलून फेकतो. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत, कोरड्या हवेत कित्येक आठवड्यांनी. खडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर सहसा काही होत नाही. ८० मेशची भोकं ०.१८ मिलिमीटरची आहेत. म्हणजे डाळीएवढी कपची उडवणारा खडा मातीतून येणं शक्यच नाही.

मग राहिला ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा, जो जाड भिंत तडकू नये म्हणून ओल्या मातीत मिसळतात. डोक्याची भिंत २ सेंटीमीटर जाड, म्हणून २५ टक्के घातला होता: जुन्या मंगलोरी कौलांची सुरखी (दळलेला चुरा), १६ मेशखालची, बांधकामाच्या मालाच्या दुकानातून तयार आणलेली. भाजलेलीच वस्तू, म्हणून तिच्यावर संशय घेतला नाही. चूक इथे झाली. आढ्यावरची कौलं मसाल्यात बसवलेली असतात, आणि पाडकामाचा माल दळताना तो मसाला कोणी खरवडून काढत नाही.

चाचणी सोपी आहे, प्रत्येक पोत्याची करावी. काचेच्या वाटीत चमचाभर ग्रॉग, त्यावर एकास दहा पाण्यात पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड (पाण्यात ॲसिड घालायचं, उलट नाही, हातमोजे, खिडकी उघडी). माझ्या गाळलेल्या मातीतून सगळीकडे सारखा, बारीक फेस आला, तो निरुपद्रवी. सुरखीत ठरावीक कणांमधूनच बुडबुड्यांच्या सरळ माळा वर येत होत्या. ते कण चिमट्याने उचलून भिंगाखाली धरले: राखाडी-पांढरे, कडा गोल झालेल्या, एकाला कौलाची लाल कपची अजून चिकटलेली. व्हिनेगरनेही कळतं, पण फार सावकाश.

खात्रीसाठी ५ सेंटीमीटरच्या, १ सेंटीमीटर जाड चकत्या केल्या. नुसती माती ६, माती आणि २५ टक्के सुरखी १२, त्याच मिश्रणात अर्धा टक्का मीठ ६, आणि माझ्याच भाजलेल्या तुकड्यांचा ग्रॉग ६. सगळ्या ९५० ला भाजल्या. आठवडाभर वाट पाहण्याऐवजी वाफ वापरली: पातेल्यात उकळतं पाणी, वर चाळणी, झाकण, दोन तास. सुरखीच्या ६ चकत्या तिथेच फुटल्या. नुसत्या मातीच्या सहाही शाबूत, पण दोन वाकड्या. मिठाच्या सहापैकी दोनच फुटल्या, तरी मीठ बाद: पृष्ठभागावर पांढरट साय येते आणि त्याची वाफ इलेक्ट्रिक भट्टीची कॉइल खाते. भट्टी सगळ्यांची आहे. माझ्या ग्रॉगच्या सहाही स्वच्छ, सरळ.

सुरखीच्या उरलेल्या ६ चकत्या भट्टीतून काढल्या काढल्या चोवीस तास पाण्यात बुडवल्या होत्या. वीटभट्टीवाले गरम विटा भिजवतात त्याचं कारण हेच. भरपूर पाण्यात चुना विझला की मऊ लोणी होतो आणि शेजारच्या छिद्रांत शिरतो, कोरडा फुगत नाही. वाफेनंतर सहापैकी एकच फुटली, तीही बाजरीएवढी. डोकंही शुक्रवारी संध्याकाळी टबात बुडवलं. पाण्यातच आणखी चार कपच्या सुटल्या, त्यानंतर नऊ दिवसांत एकही नाही. हे रविवारीच करायला हवं होतं.

कमी तापमानाचाही विचार केला. ७५० ला चुनखडी बहुतांश तशीच राहते, पण तेवढ्यावर भाजलेली चकती अंगठ्याने चोळली की लाल भुकटी हाताला लागते. मला नको.

जे जमलं तेही लिहायला हवं. पोकळ करताना कवटीची टोपी तारेने चुंबळीच्या खालच्या कडेला कापली. आतून लूप टूलने (तारेच्या कड्याच्या कोरणीने) कोरून, दोन्ही कडा ओरखडून, पातळ मातीने जोडून वर चुंबळीचा शेवटचा पीळ बसवला. जोड कुठे आहे ते आता मलाही बोटाने सापडत नाही. वाळवण १९ दिवस, रोज वजन: ९.१ किलोवरून ७.२ वर, आणि तिथे सलग दोन दिवस स्थिर. भट्टी ९० अंशांवर पाच तास, मग ६०० पर्यंत तासाला ६०, पुढे तासाला १००. उंची ३४ ची ३१ झाली.

पुढच्यासाठी आधी एवढंच ठरवलं होतं की ग्रॉग घरचा. त्याच मातीचे फुटके तुकडे भाजायचे, एक दिवस पाण्यात, मग खलबत्त्यात कुटून ३० मेशखालचा आणि ६० मेशवरचा तेवढाच घ्यायचा. मास्क लावूनच. एका डोक्याला पावणेदोन किलो लागतो आणि कुटायला दोन संध्याकाळी जातात. पण लिहिता लिहिता वाटतंय, एवढा ग्रॉग हवाच कशाला? तो जाड, असमान भिंतीसाठी लागतो. तेरच्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती दुहेरी साच्यातल्या, आतून पोकळ. क्र. ४ शाडूत घडवून प्लॅस्टरचा दोन भागांचा साचा घेतला आणि त्यात १ सेंटीमीटरची पोळी दाबली, तर ग्रॉग १० टक्क्यांवर येईल. कानामागचा अंडरकट (आत वळलेला, साच्यातून सरळ न सुटणारा भाग) अडेल. तिथे साच्याचा तिसरा तुकडा करावा लागेल.

आणि क्र. ३ चे खड्डे. गालावरचे बुजवणार आहे: त्याच डोक्याच्या तळातून कानशीने काढलेली भुकटी आणि पातळ फेव्हिकॉल, चकतीवर रंग जुळला. मानेवरचे सात मात्र ठेवतेय. चुंबळीचा भार जिथे उतरतो नेमकी तिथेच कातडी सोलल्यासारखी दिसते, आणि कुठल्याही टूलने ती कडा तशी उठत नाही. क्र. ४ च्या मानेवर १ मिलिमीटरचे चुनखडीचे खडे मोजून, हव्या त्या जागी, ३ मिलिमीटर खोल दाबून पाहणार. त्याच्या चकत्या काल थापल्या: १, ३ आणि ५ मिलिमीटर खोलीच्या, प्रत्येकी चार. शनिवारी भट्टीत जातील.