वहिनींसाठी का?

सदाशिव पेठेतल्या ज्या वाचनालयाचा मी सभासद आहे, तिथं हा प्रश्न ठरलेला. बायकांच्या आयुष्यावरचा कथासंग्रह पुढं केला की कार्डावर नंबर टाकता टाकता काउंटरवरचे गृहस्थ विचारतात, “वहिनींसाठी का?” मित्र जरा खोचकपणे विचारतात. आणि परवा जिन्यात, माझ्या पिशवीतून डोकावणारं पुस्तक बघून, तुम्हीही विचारलंत. दूध गॅसवर ठेवून भाजी आणायला उतरलो होतो, म्हणून तेव्हा नुसता हसलो. (दूध उतू गेलंच.) आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

वहिनींसाठी नाही. हिला खून लागतो. पहिल्या दहा पानांत मुडदा पडला नाही तर पुस्तक दुसऱ्या दिवशी परत. ही रहस्यकथा घ्यायला जाते तेव्हा “साहेबांसाठी का?” असं तिला आजवर कुणी विचारलेलं नाही.

सुरुवात ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहापासून झाली. हे नाव मला परीक्षेपुरतं पाठ होतं. जोड्या लावा: विभावरी शिरूरकर, मालतीबाई बेडेकर. एक मार्क मिळाला, विषय संपला. पुस्तक हातात पडलं ते रिटायर झाल्यावर, तेही शेजारचं दुसरंच काढायला गेलो म्हणून. 1933 साली हा संग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावानं आला आणि केवढा तरी गदारोळ झाला, एवढं कानावर होतं. त्यामुळे काहीतरी चावट असेल अशी माझी अपेक्षा होती, खोटं कशाला सांगू! तसलं काही नाही. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुली आहेत आणि त्यांनाही मन आहे, शरीर आहे, एवढंच त्यात आहे. लोकांना तेवढंच झेपलं नव्हतं.

लिहिणारी बाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. मूळ नाव बाळूताई खरे, माहेर घोडनदीचं, म्हणजे शिरूरचं. आडनाव तिथूनच उचललेलं. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकली, पुढं शिक्षिका झाली. ज्याला आपण आज कर्वेनगर म्हणतो आणि जिथल्या ट्रॅफिकला शिव्या देतो, तेच ते हिंगणं. विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन मालतीबाई बेडेकर झाली ती 1938 साली, पुस्तकानंतर पाच वर्षांनी. म्हणजे ही लांबून कीव करणारी लेखणी नव्हे.

भाषा जुनी आहे. पात्रं मधूनच वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिल्यासारखी बोलतात, तिथं मी पानं भरभर उलटली. पण एका कथेचं नाव वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं: ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ कथा दुसऱ्या दिवशी वाचली.

आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो, दोन खोल्यांत नऊ माणसं. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. रात्रपाळी करून आली की आतल्या खोलीत झोपायची आणि आई आम्हाला दटावायची, “ओरडू नका रे, आत्या झोपलीय.” पगाराचं पाकीट ती न उघडता आजोबांच्या हातात द्यायची. आजोबा ते देवापुढं ठेवायचे आणि मग वडिलांना हिशोब सांगायचे. तिला एक स्थळ आलं होतं म्हणे. पुढं काय झालं, हे आमच्या घरात कुणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. आत्या म्हणजे आत्या. ती कमावती असणं हे वाड्याला नळ असण्यासारखं होतं.

अशा कथांत पुरुष बहुधा कडेला असतात. कुणी पेपर वाचतोय, कुणाची परीक्षा आहे, कुणी चहा मागून निघून जातोय. आयुष्यभर मी वाचलं त्यात पुरुषच मधोमध होते, त्यामुळे कडेच्या माणसाकडं माझं लक्षच जायचं नाही. या वेळी गेलं. कमावत्या मुलीच्या जिवावर शिकणारं, तिच्या पगारातून वह्या मिळाल्या की खूश होणारं एखादं पोर दिसलं की ते मला ओळखीचं वाटायला लागलं. ते काही वाईट नसतं. त्याला फक्त काही दिसत नसतं.

वाडा बिल्डरला दिला तेव्हा माळ्यावर आत्याची हिशोबाची वही सापडली होती. तेव्हा ती नुसती चाळून ट्रंकेत टाकली होती. कथा वाचल्यावर परत काढली. जून 1974: माझी फी, धाकटीच्या फ्रॉकचं कापड, आजीचं औषध, सगळ्यांच्या पावसाळी चपला. शेवटचा रकाना ‘स्वतः’. बहुतेक महिन्यांत त्यासमोर नुसती रेघ. मधूनमधून एकच खर्च: ‘वाचनालय वर्गणी, 1 रु.’

ती काय वाचायची, मला आठवत नाही. झोपलेली मात्र चांगली आठवते.

तर ते जिन्यातलं पुस्तक शनिवारी परत करायचंय. तुम्हाला हवं असेल तर माझ्याच कार्डावर पुढं वाढवून घेतो. वर या, पण बेल वाजत नाही, कडी वाजवा.