उभ्या विमानातल्या एका तासासाठी तीन आठवडे : माझा अनुभव

मी विमान चालवायला शिकते आहे. लहान विमानातलं जीपीएस सोपं असतं, असं मला सगळ्यांनीच सांगितलं होतं. मोठा नॉब, छोटा नॉब, एंटर. फ्लाइट प्लॅन, म्हणजे उड्डाणाचा मार्ग, यंत्रात भरायला मी दोन दिवसांत शिकले, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. घोडं अडलं ते पुढे, आणि ते ज्या कारणाने अडलं ते आठवलं की अजून चिडचिड होते.

एका नेव्हिगेशन उड्डाणात दोन वेपॉइंटच्या, म्हणजे मार्गावरच्या ठरवलेल्या बिंदूंच्या, मधे समोर ढग आला. मी डावीकडे वळून साधारण 6 सागरी मैल बाजूला गेले. आमच्या जुन्या जीपीएस संचात मार्गापासून किती बाजूला आहोत ते दाखवणारी सुई लांबच्या मार्गावर असताना 5 मैलांना पूर्ण कडेला जाते, म्हणजे ती केव्हाच टेकलेली होती. ढग मागे पडल्यावर मी डायरेक्ट-टू, म्हणजे निवडलेल्या बिंदूकडे थेट नेणारं बटण, दाबलं आणि पुढचा वेपॉइंट निवडला. सुई मधोमध आली. मला हायसं वाटलं.

शेजारी बसलेले सर म्हणाले, "सुई मधोमध आहे. पण कुठल्या रेषेच्या?"

मला उत्तर देता आलं नाही. आखलेल्या मार्गाच्या डाव्या अंगाला पुढे प्रतिबंधित क्षेत्र होतं. ते टाळायचं म्हणूनच तर मी नकाशावर तशी रेषा आखली होती. डायरेक्ट-टूने मी होते तिथून नवी रेषा काढली आणि ती त्या क्षेत्राचा कोपरा कापून जात होती. सरांनी वेळेत उजवीकडे वळवलं.

उतरल्यावर पुस्तिका उघडली. कोणतं बटण कधी दाबायचं ते सगळं होतं, पण दाबल्यावर रेषा कुठून कुठे जाते हे माझ्या डोक्यात शिरेल असं कुठेच नव्हतं. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर माउसने नॉब फिरवून काही उमजेना. मला त्याच विमानात, त्याच सुईसमोर तासभर बसायचं होतं. इंजिन बंद असताना रेडिओ-जीपीएस चालू ठेवले की बॅटरी उतरते, म्हणून बाहेरून वीज देणारी गाडी लागते. हे कारण मला पूर्ण मान्य होतं.

पण त्यासाठी जे झालं ते मान्य नाही. ऑफिसने लेखी अर्ज मागितला. दिला. त्यावर मुख्य प्रशिक्षकांची सही हवी होती, आणि ते रजेवर. सही मिळाली तर देखभाल विभाग म्हणे, वेळ ऑफिस ठरवतं. ऑफिस म्हणे, विमान कधी मोकळं आहे ते देखभाल विभागाने कळवायला हवं. दोन्ही खोल्या एकाच व्हरांड्यात, मधे वीस पावलं. ती पावलं रोज मी चालत होते. मधल्या काळात दोन उड्डाणं मी रद्द केली, कारण जे कळलं नाही ते घेऊन वर जायची माझी तयारी नव्हती.

शेवटी वेळ मिळाली ती हँगरमध्ये! पत्र्याच्या छपराखाली यंत्राला उपग्रह दिसेनात. तिन्ही दिशांतलं स्थान काढायला किमान 4 उपग्रह लागतात आणि सिग्नलची खात्री यंत्राने स्वतःच करायची तर 5. स्थान नाही, म्हणजे सुईही नाही. पुन्हा अर्ज. कोणाला असं बसायचं असेल तर 'उघड्या आकाशाखाली, एप्रनवर' (एप्रन म्हणजे विमानं उभी करायची मोकळी जागा) हे शब्द पहिल्याच अर्जात घाला.

एकविसाव्या दिवशी एप्रनवर मेकॅनिक दादांनी दोन मिनिटांत गाडी जोडून दिली. मी धावपट्टीपासून 3 मैलांवरून जाणारा लेग, म्हणजे दोन वेपॉइंटमधला तुकडा, भरला. विमानतळाजवळ सुईचं माप बारीक होतं, 5 मैलांचं राहत नाही. सुई कडेला, बाजूचं अंतर 3. डायरेक्ट-टू दाबलं: सुई मधोमध, अंतर शून्य. विमान जागचं तसूभरही हललेलं नव्हतं! मी पाच-सहा वेळा तेच केलं. मग फ्लाइट प्लॅनच्या पानावर त्या लेगवर कर्सर नेऊन मेनूतून 'अ‍ॅक्टिव्हेट लेग' निवडलं. सुई परत कडेला. तीन आठवडे ज्यासाठी फिरले ते दहा मिनिटांत कळलं. डायरेक्ट-टू रेषा माझ्यापाशी आणतं, अ‍ॅक्टिव्हेट लेगमध्ये रेषेपाशी मला जावं लागतं.

उरलेल्या वेळात आणखी एक सवय लागली. प्लॅन भरून झाला की प्रत्येक लेगची दिशा आणि अंतर आपल्या कागदावरच्या आकड्यांशी ताडून बघायचं. एकाच अक्षरांची रेडिओ केंद्रं जगात अनेक असतात. यंत्र यादी दाखवतं आणि घाईत भलतंच केंद्र निवडलं जातं. अंतर हजारो मैल दिसलं तर चूक लगेच कळते. शेजारचाच बिंदू चुकला तर फक्त आकडे जुळवूनच कळते.

पुढच्या उड्डाणात सरांनी मुद्दाम डावीकडे नेलं आणि म्हणाले, "आता मार्गावर ये." मी लेग अ‍ॅक्टिव्हेट केला. सुई उजव्या कडेला तशीच राहिली आणि या वेळी मला तिची भीती वाटली नाही. 30 अंश उजवीकडे वळले, ती सावकाश मधे आली. सरांनी काही विचारलं नाही. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

हे आधी सांगायचं राहिलं: यंत्र सुरू होताना डेटाबेसची, म्हणजे त्यात साठवलेल्या बिंदू-केंद्रांच्या माहितीची, तारीख दिसते, ती वाचल्याशिवाय एंटर दाबू नका. तो दर 28 दिवसांनी बदलतो. आणि नियंत्रकांकडे दाखल केलेला फ्लाइट प्लॅन वेगळा, यंत्रातला वेगळा. एकात केलेला बदल दुसऱ्यात आपोआप होत नाही.