हेळवाकच्या दरडीवरचे नेचे

कराडहून चिपळूणला जाणाऱ्या एसटीने पाटण सोडलं की कोयनेचं खोरं अरुंद होत जातं. हेळवाकला उतरून कुंभार्ली घाटाच्या रस्त्याला लागलो. पावसाळा सरत आला होता. दरडी पाझरत होत्या आणि काळ्या कातळाच्या फटीफटीतून नेचे लोंबत होते. एक पान उलटं करून भिंगाखाली धरलं. प्रत्येक पर्णिकेच्या मागे तपकिरी ठिपक्यांच्या दोन ओळी. बोट लावलं की बारीक भुकटी लागते. हेच बीजाणू; नेच्याला बी नसते, त्याची नवी रोपं यांच्यापासूनच होतात.

"काय हुडकताय, पाव्हणं?" शेरडं घेऊन चाललेल्या आजींनी विचारलं. पान दाखवलं, तर म्हणाल्या, "ह्येला ना फूल, ना बी. ह्यात काय बघायचं?"

आजींनी नेमकं मर्मावर बोट ठेवलं! इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत अशीच पानं दगडात उमटलेली सापडत आणि सगळे त्यांना नेचेच म्हणत. त्यांच्यातल्या कित्येकांच्या पाठीवर हे ठिपके मात्र काही केल्या सापडेनात. 1903-04 मध्ये ऑलिव्हर आणि स्कॉट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एका सुट्या जीवाश्म बीच्या वेष्टनावर गोल डोक्याच्या इवल्या ग्रंथी पाहिल्या. हुबेहूब तशाच ग्रंथी लिजिनोप्टेरिस या 'नेच्या'च्या खोडावर आणि पानाच्या देठावर होत्या. बी पानाला चिकटलेली मिळालीच नव्हती; एवढ्याशा ग्रंथींवरून त्यांनी नातं जुळवलं. बीजी नेचे, म्हणजे पानं नेच्यासारखी पण बी धरणाऱ्या वनस्पतींचा लुप्त झालेला गट, असा उजेडात आला. मला ही हकिकत कितीही वेळा वाचली तरी पुरत नाही.

आपल्याकडची ग्लॉसोप्टेरिस ही जीवाश्म वनस्पती याच गटात धरतात. चंद्रपूरकडच्या कोळसापट्ट्यात त्याची जिभेसारखी लांबट पानं मिळतात, 25 कोटी वर्षांहून जुनी. साताऱ्याचा कातळ म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच्या पोटात तसं पान कुठून असणार?

लाव्हाच्या खाली तरी? कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी जवळच रासाटीला खोल विंधन झालं. सुमारे 930 मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक. मधे गाळाचा थरच नाही, आणि पानाचा ठसा जपतो तो गाळच. त्यामुळे ग्लॉसोप्टेरिस पाहायचं तर सातारकरांनी वर्धेच्या खोऱ्याची वाट धरावी. पान हाती आलं की आधी मधली ठसठशीत शीर बघा, मग तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेली शिरांची जाळी.