थुंकी, पंचा आणि आरतीचं तबक

३ ऑगस्ट २००९ ला स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी घेतला, तो पुण्यात. शाळकरी मुलगी होती. त्यानंतर शाळा बंद, थिएटरं-मॉल बंद, मेडिकलवाल्यांकडचे मास्क दोन दिवसांत संपलेले. गणपतीला आठवडा उरला असतानाचा सोमवार सांगते. मी नर्स होते त्या तपासणी केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाला गोळी तरी हवी होती, नाहीतर मास्क. हात, नाक, टॉवेल याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

सकाळी पहिलं काम रांग फोडायचं. पावसामुळे सगळे एका ताडपत्रीखाली दाटले होते. तापानं फणफणलेला माणूस आणि नुसताच धास्तावलेला माणूस एकमेकांना खेटून उभे. ज्याला आजार नव्हता त्याला तो तिथेच मिळाला असता. म्हणून फाटकावरच एक प्रश्न: ताप-खोकला आहे का? असेल तर तोंडाला मास्क, आणि उघड्या ओसरीत मीटरभर अंतरानं खुर्ची. नसेल तर माहितीचा कागद आणि घरी. दुपारपर्यंत ओसरी आटोक्यात आली.

नवे निकष नुकतेच आले होते. साधा ताप, घसा दुखतोय, तर घशाचा स्वॅब नाही, टॅमिफ्लू (स्वाइन फ्लूवरचं औषध) नाही, घरी विश्रांती आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासणी. ताप जास्त किंवा गरोदर बाई, दमेकरी, मधुमेही, लहान मूल असेल, तर डॉक्टर औषध ठरवणार: मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस. धाप, छातीत दुखणं, गुंगी, नखं-ओठ निळे पडणं, कफात रक्त असेल तर सरळ दवाखान्यात भरती. पहिल्या गटातल्यांची समजूत काढताना मात्र नाकी नऊ आले. "सिस्टर, पैसे देतो, पण गोळी द्या," हे दर दोन माणसांमागे ऐकू येत होतं.

त्यांच्यातच बसचे एक कंडक्टर होते. गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी, तोंडाला रुमाल. बोलता बोलता त्यांनी खिशातून नोटा काढल्या, रुमाल खाली ओढला, बोटाला थुंकी लावली आणि मोजायला लागले. तिकीटही असंच फाडत असणार! दिवसभरात शेकडो हातांतून आलेल्या नोटा, त्याच बोटानं जिभेपर्यंत. काउंटरवर पाकिटं चिकटवायला ओला स्पंज ठेवलेला असतो, तो डबीसकट त्यांना दिला. "काका, याच्यावर बोट टेकवायचं, जिभेवर नाही. स्पंज रोज साबणानं धुवायचा." वाण्याचंही तेच, प्लॅस्टिकची पिशवी उघडायला तो आत फुंकर मारतो आणि त्यात आपली साखर घालून देतो.

पुरचुंडीबद्दल माझं मत तेव्हाही वाईट होतं. कापरानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, विषाणू काही अडत नाही. उलट हुंगायच्या निमित्तानं हात सारखा नाकाशी जातो, आणि तीच सवय मोडायची असते. शिवाय घरात रांगतं मूल असेल तर कापूर त्याच्या तोंडात जायला नको, झटके येतात.

मास्कचंही सगळीकडे एकच चुकत होतं. रंगीत बाजू बाहेर, तार नाकावर दाबलेली, वरची नाडी डोक्यामागे, खालची मानेमागे, एवढं जमायचं. मग बोलताना तो हनुवटीवर यायचा आणि पुन्हा पुढून धरून वर जायचा. काढायचा तो मागच्या नाड्या सोडून, पुढच्या भागाला हात न लावता. पावसात ओला झालेला मास्क बदलायचा, वाळवून परत बांधायचा नाही. पुण्यातल्या मुलींचा गाडीवरचा स्कार्फ त्या मानानं टिकाऊ, पण आज आत असलेली बाजू उद्या बाहेर. आतल्या कोपऱ्याला रंगीत दोऱ्याचा टाका घालायचा आणि रोज धुवायचा.

दुपारनंतर पेठेतल्या एका वाड्यात गेलो. दोन खोल्या, माणसं सहा, तरुण मुलगा तापानं पडलेला, सून गरोदर. नळ आणि संडास सगळ्या वाड्याचा मिळून एक. वेगळी खोली कुठून देणार? मुलाची गादी खिडकीखाली घेतली, खिडकी दिवसरात्र उघडी. बाकीच्यांनी झोपताना डोकं उलट दिशेला करायचं, मध्ये मीटरभर जागा. शुश्रूषा एकट्या आईनं, म्हणजे घरातल्या मावशींनी करायची, सुनेनं नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवस घराबाहेर पाऊल नाही, आणि लक्षणं त्याहून लांबली तर ती गेल्यावर आणखी एक दिवस. ताट-वाटी उकळायची गरज नाही, साबणानं घासली की पुरे. खरी अडचण मोरीशेजारच्या खिळ्यावर होती: हात पुसायचा पंचा, सगळ्यांना मिळून एक. मावशींनी लगेच सहा खिळे ठोकून घेतले.

हात धुणं पाहिलं तर मावशी पिंपात तांब्या बुडवत होत्या, तोही न धुतलेल्या हातानं. नळाला पाणी फक्त सकाळी. मग दुसऱ्यानं पाणी ओतायचं किंवा पिंपाला खाली तोटी बसवून घ्यायची. साबण वीस सेकंद, अंगठे आणि नखांच्या कडा धरून. तोटी बंद करायची ती कोपरानं, नाहीतर तिच्यावर पाणी ओतून.

संडासाच्या कडीसाठी ब्लीचिंग पावडर. प्लॅस्टिकच्या बादलीत लीटरभर पाण्याला १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे. गाळ खाली बसू द्यायचा, वरच्या पाण्यात फडकं भिजवून पुसायचं, दहा मिनिटांनी साध्या पाण्यानं पुसायचं, नाहीतर कडी गंजते. द्रावण रोज ताजं. पुडा उघडा राहून वास उडाला असेल तर ती पावडर निकामी. आणि संडासातलं अ‍ॅसिड त्यात चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. असल्या गुळगुळीत, कठीण वस्तूंवर हा विषाणू एक-दोन दिवस टिकतो, कापडावर काही तासच.

निघताना मंडळाची पोरं आडवी आली. "सिस्टर, आरती बंद करायची का?" बंद करायला कोण सांगणार! पण आरती घेण्याची पद्धत बघा. शंभर माणसं एका तबकावर वाकतात, कड धरतात, ज्योतीवरचा हात चेहऱ्यावर फिरवतात. तीर्थही तसंच, तळहातावरून तोंडात आणि ओला हात डोक्याला. ठरलं असं: तबक एकाच कार्यकर्त्याच्या हातात, लोकांनी लांबूनच नमस्कार करायचा, तीर्थ नाही, साखरफुटाणे आधीच पुड्या बांधून. मांडवाच्या दोन कनाती मागून सोडायच्या, वारा खेळला पाहिजे. खोकणाऱ्या कार्यकर्त्याला घरी पाठवायचं, तो अध्यक्ष असला तरी.

अध्यक्ष तिथेच उभे होते, नाकाला रुमाल लावून.