पश्चिमेचा वारा कुठे गेला?

सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी-वनकुसवड्याकडच्या पठारांवर पवनचक्की उभारायची म्हटलं की आधी वारा मोजणारा डांब लावतात. त्याच्या वर्षभराच्या नोंदींवर वीस वर्षांचा हिशेब कसा मांडणार? म्हणून जवळच्या जुन्या हवामान केंद्राच्या नोंदींशी ताळा जुळवायचा. ते काम माझ्याकडे आलं होतं.

ज्या दिवशी एका तरी वेधात वारा १७ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ३१ किलोमीटरच्या वर गेला, तो जोराच्या वाऱ्याचा दिवस धरला. आलेख पाहून छातीत धस्स झालं. १९८०च्या दशकानंतर असे दिवस घटत घटत निम्म्यावर आले होते. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते; वेग १० टक्के घटला तर ऊर्जा २७ टक्के जाते. हे खरं असेल तर प्रकल्पच बसत नव्हता.

केंद्रातलं वारा मोजणारं यंत्र बदललं असतं तर आलेखात पायरी दिसली असती. इथे तर संथ उतार होता. बेअरिंग झिजलं की वारा हळूहळू कमी दिसतो, पण तो सगळ्या दिशांना. म्हणून नोंदी दिशेप्रमाणे वेगळ्या केल्या. घसरण फक्त नैर्ऋत्य ते वायव्य या पट्ट्यात निघाली. हिवाळ्यातला पूर्वेचा वारा होता तसाच होता. पण पश्चिमेचा वारा म्हणजे पावसाळा. मान्सूनच मंदावला असेल तर?

केंद्रावर गेले. तिथले एक निवृत्त निरीक्षक मुद्दाम भेटायला आले होते. पश्चिमेकडे हात करून म्हणाले, "ताई, ही निलगिरी सामाजिक वनीकरणातली. आम्ही लावली तेव्हा गुडघ्याएवढी होती."

आता ती केंद्राच्या वारा मोजणाऱ्या डांबाच्या दुप्पट उंच होती. अडथळा त्याच्या उंचीच्या दहापट तरी लांब असावा, असा जागतिक हवामान संघटनेचा दंडक आहे; ही रांग हाकेच्या अंतरावर. सरासरी वेग थोडा जरी खाली सरकला तरी १७ नॉटची रेषा जेमतेम ओलांडणारे दिवस भराभर गळतात, निम्मे सुद्धा.

युरोपीय हवामान केंद्राच्या पुनर्विश्लेषणात, म्हणजे जुन्या निरीक्षणांवरून संगणकाने पुन्हा मांडलेल्या हवामानाच्या नोंदींत, जमिनीवरच्या डांबांचा वारा घेत नाहीत, त्यामुळे झाडांचा परिणाम तिथे शिरत नाही. त्यात पावसाळी वाऱ्याची अशी घसरण नव्हती. दीर्घकालीन आधार मी तोच घेतला, अनिश्चितता मात्र मोठी दाखवली. काकांना आठवत होतं ते लागवडीचं साल केंद्राच्या इतिहासात नोंदवायला दिलं. तिथे यंत्राचे क्रमांक होते, झाडांचा उल्लेख नव्हता.